फौजी ट्रंक, शाळेच्या गोणी आणि माळ्यावरचे कागद: काय ठेवायचं, कसं ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका ताईंचे वडील गेल्या वर्षी वारले. आधी पंधरा-सोळा वर्षं फौजेत, मग गावच्या मराठी शाळेत मास्तर, आणि शेवटपर्यंत कथा-लेख लिहीत राहिले. घरात एक काळी फौजी ट्रंक, दोन पत्र्याचे डबे आणि माळ्यावर शाळेच्या कागदांनी भरलेल्या तीन गोणी आहेत. भाऊ म्हणतो कथा-लेख तेवढे ठेवू, पदकं फ्रेम करू, आणि शाळेचा कचरा पावसाआधी जाळून टाकू. ताई विचारतात की ठेवायचं काय, कसं, आणि पुढे द्यायचं कुणाला.

ताई, काहीही जाळू नका. हे आधी सांगतो, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी सत्तावीस वर्षं जुन्या कागदांचं काम करतोय, त्यातली बरीचशी गोव्यातच, आणि अशा माणसांचे कागद म्हणजे फौजीचा एक ढीग, मास्तरांचा एक आणि लेखकाचा एक असे तीन ढीग कधीच नसतात. माणूस एकच होता ना, मग कागद तीन ठिकाणचे कसे असतील. एका निवृत्त मास्तरांच्या घरी टाचणवह्या रद्दीवाल्यासाठी दाराशी आणून ठेवल्या होत्या. मी त्यातली एक सहज उलटी करून मागून उघडली. पुढून सहावीच्या मराठीची टाचणं, तारीख, तास, घटक, फळ्यावर काय लिहायचं, सगळं सुबक अक्षरात. मागून मात्र पेन्सिलीनं एका कथेचा पहिला खर्डा, भरभर लिहिलेला, खाडाखोड करत करत, आणि मधे जिथे दोन्ही बाजू भेटायच्या तिथे चार पानं कोरी सोडलेली. ती कथा पुढे छापून आली होती, घरात तिचं कात्रण होतं, सगळ्यांनी वाचलेली. छापील कथेत जवान सुट्टीवर घरी येतो. खर्ड्यात तो येतच नाही, पोस्टमन येतो. आणि हा खर्डा कुठल्या वर्षीचा हे पुढच्या बाजूच्या टाचणांवरच्या तारखांनी सांगितलं, नाहीतर कळायला दुसरा मार्गच नव्हता. तुमचा भाऊ ज्याला शाळेचा कचरा म्हणतोय त्यात हे असतं. फौजेतून आलेला माणूस कागद वाया घालवत नाही, पेपर तपासून उरलेल्या पुरवण्या, हजेरीचे जुने तक्ते, निवडणुकीच्या ड्यूटीचे फॉर्म, सगळ्यांच्या पाठीमागे लिहून ठेवतो. प्रत्येक पान पलटून बघितल्याशिवाय एकही पान रद्दीत नको.

आता पहिलं काम, आणि हे काम कागदाला हात लावण्याआधीचं आहे. फोन काढा आणि फोटो घ्या. माळ्यावर गोणी कशा ठेवल्यात, ट्रंकेचं झाकण, झाकणावर पांढऱ्या रंगानं घातलेला नंबर, हुद्दा, नाव. मग झाकण उघडून वरचा थर, तो उचलल्यावर खालचा थर, असे थरागणिक फोटो. कुठलं पुडकं कशाच्या शेजारी होतं, कुठल्या सुतळीत काय बांधलं होतं, कुठल्या पाकिटात काय खोचलं होतं, हे सगळं म्हणजे तुमच्या वडिलांनी स्वतः लावलेला क्रम आहे आणि तो एकदा मोडला की देव आला तरी परत लागत नाही. या कामात नवा होतो तेव्हा मी एक पुडकं सोडलं होतं, त्यात सात पत्रं, एक कात्रण आणि एका लेखाची दोन पानं एकत्र बांधलेली. मी मोठ्या हौसेनं पत्रं पत्रांत घातली, कात्रण कात्रणांत, लेख लेखांत, सगळं तारीखवार. दोन वर्षांनी अभ्यास करणाऱ्या एका मुलीनं विचारलं की हा लेख कुणाच्या पत्रावरून सुचला असेल. त्याचं उत्तर त्या सुतळीच्या गाठीत होतं, आणि ती गाठ मी सोडली होती, फोटोसुद्धा न काढता. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

फोटो झाले की यादी. साधी वही चालेल, एक्सेल येत असेल तर उत्तम. "ट्रंक १, थर २, पुडकं ४, सुतळीनं बांधलेली अंतर्देशीय पत्रं, अंदाजे ३०, वरच्यावर निळ्या शाईत ७१ असं लिहिलेलं." एवढं पुरे. पत्रात काय लिहिलंय ते वाचत बसू नका, तिथेच सगळे अडकतात, दुपार जाते आणि यादी चार ओळींवर थांबते. पुडक्यावर नंबर घालायचा तर मऊ पेन्सिलीनं, २बी असेल तर चांगली, कागदाच्या मागच्या कोपऱ्यात हलक्या हातानं. पेन नको, स्टिकर तर अजिबात नको.

वडिलांच्या फौजी पत्रांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे लोक सगळ्यात जास्त नुकसान करतात आणि तेही मायेनं. जवानाच्या पत्रावर गावाचं नाव नसतं, "५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ" (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) एवढाच पत्ता, आणि शिक्का फील्ड पोस्ट ऑफिसचा, त्यावर नुसता आकडा आणि तारीख. तो कुठे होता हे पत्रात लिहायची परवानगीच नसायची. म्हणून पाकीट आणि शिक्का हे पत्राइतकेच महत्त्वाचे, तो आकडा आणि ती तारीख त्याच्या युनिटच्या हालचालींशी ताडून बघितली की तेव्हा तो कुठल्या भागात होता याचा अंदाज बांधता येतो. तिकिटं जमवणाऱ्या नातवाला पाकिटं देऊन टाकलेली घरं मी पाहिलीत. आणि घरून गेलेली पत्रं, म्हणजे आजीनं नाहीतर आईनं लिहिलेली, ती जर त्यांनी जपून परत आणली असतील तर ती लाखमोलाची, कारण आई लिहिते की "तिथं बर्फ आहे म्हणतोस, लोकर पाठवते", आणि जे त्याला लिहिता आलं नाही ते तिच्या उत्तरात सापडतं.

अंतर्देशीय पत्र उघडताना घाई नको. निळा पातळ कागद, तीन घड्या, आणि जागा पुरली नाही की फौजी माणूस आतल्या चिकटपट्टीवर, कडेवर, घडीत, सगळीकडे लिहितो. वर्षानुवर्षं घडीत राहून कागद त्या रेषेवरच तुटतो. पावसाळ्यात तो कागद जरा मऊ असतो, मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी कडक, तेव्हा जी घडी उघडत नाही ती ओढू नका. उघडलंत की परत घडी घालू नका, सपाट ठेवा. फाटलं असेल तर फाटकंच राहू द्या, दोन स्वच्छ कागदांच्या मधे ठेवा. सेलोटेप लावू नका, हात जोडून सांगतो. ती काही वर्षांत पिवळी पडते, मग तपकिरी, मग टेप सुटून येते पण तिचा चिकट डाग अक्षरांत उतरून बसलेला असतो, तो काढायला मला एका पानाला अख्खा दिवस जातो आणि तरी पूर्ण जात नाही. फेविकॉलही नको, लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत काढताच येत नाही. आम्ही डागडुजी करतो ती पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीनं, कारण उद्या गरज पडली तर पाण्याच्या ओलाव्यानं ती सोडवता येते. घरी हे करायला जाऊ नका.

टाचण्या, स्टेपलर, यू-पिना, रबर हे मात्र काढायचं. आपल्याकडे समुद्राची हवा, टाचणी दोन पावसाळ्यांत गंजते आणि गंज कागदात भोक पाडतो. टाचणी ओढायची नाही, तिच्याखाली जाड प्लास्टिकचा तुकडा सरकवून वर उचलायची. जे कागद एकत्र टाचलेले होते ते एकत्रच राहू द्या, एका दुमडलेल्या कागदाच्या खिशात.

शाईचं थोडक्यात. पेन्सिल सगळ्यात टिकाऊ, ती पाण्यालाही घाबरत नाही. जांभळी कॉपिंग पेन्सिल दिसायला साधी पण पाणी लागलं की सगळं जांभळं होऊन पसरतं. फाउंटन पेनची निळी शाई उजेडात उडते आणि ओलीत वाहते. म्हणून फ्रेम करून भिंतीवर मूळ पत्र लावू नका, स्कॅन करून त्याची प्रिंट लावा, मूळ अंधारात ठेवा.

आता आपला खरा शत्रू, पावसाळा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे, सत्तरीत घाटाच्या पायथ्याला त्याहून जास्तच, आणि जुलैत हवेतली आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांवर जाते. कागदाला साधारण ४५ ते ५५ मानवतं, ६५ च्या वर बराच वेळ राहिलं की बुरशी धरते. मे महिन्यात आपल्या आया पुरुमेंत करतात ना, मिरच्या, कोकम, सोलं, सुकी मासळी, सगळं कोरडं करून डब्यात भरतात, तसंच कागदांचं पुरुमेंत मृगाआधी करायचं. फक्त उन्हात घालायचं नाही, उन्हानं शाई उडते आणि कागद कडक होतो. सावलीत, पंख्याचा वारा थेट लागणार नाही अशा खोलीत दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, मऊ ब्रशनं धूळ झाडा, मग बांधा.

माळा सोडा. वर मंगळुरी कौलं, एक कौल सरकलं की गळती, उन्हाळ्यात भट्टी, आणि उंदीर. मातीच्या किंवा चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, ती भिंत पावसात ओल पिते. देवघरात नको, तिथे समई आणि तेल. आतल्या खोलीत स्टीलचं कपाट, भिंतीपासून चार बोटं पुढे, आणि जमिनीपासून वर उचललेलं. फौजी ट्रंक मला माहितीये भावनेचा विषय आहे, पण तिचा तळ आतून गंजतो आणि रात्री थंड झाली की पत्र्याला आतून घाम सुटतो. ट्रंक जपा, पण कागद तिच्यात परत घालू नका. हवेतली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर शंभर-दोनशे रुपयांपासून मिळतो, तो कपाटात ठेवा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बघा. आकडा ६५ च्या वर चढायला लागला तर खोलीत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर कोरडे करून परत.

बांधायला जुनी पद्धतच चांगली. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले आहेत, आपल्या घरातल्या पोथ्याही कापडात असायच्या. कोरं सुती मांजरपाट घ्या, दोनदा गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढून टाका, कारण ती खळ खायलाच कसर येते. आत ॲसिड-फ्री कागदाचं फोल्डर. ते मिळेपर्यंत चांगला पांढरा सुती हातकागद चालेल, वर्तमानपत्र किंवा खाकी कागद नको. प्लास्टिकच्या फाइली ज्यांना वास येतो त्या पीव्हीसीच्या, त्या टाळा.

डांबरगोळ्या नकोत, माणसालाही वाईट आणि जुन्या फोटोंनाही. कडुनिंबाचा सुका पाला मलमलीच्या पुरचुंडीत ठेवायचा असेल तर ठेवा, कागदाला लागू देऊ नका, पण त्याच्या भरवशावर राहू नका, खरं काम झाडू आणि कोरडी हवा करते. एखाद्या वहीत जिवंत कीड दिसली, बारीक भुकटी पडलेली दिसली, तर ती वही लगेच दोन पॉलिथिनच्या पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशाला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं. फोटो यात घालू नका. वाळवी असेल तर मात्र कागदांचा नाही, घराचा इलाज करावा लागेल. आणि कागद भिजले तर ४८ तासांच्या आत वाळवा, तेवढ्यात बुरशी सुरू होते. एवढे वाळवणं शक्य नसेल तर भिजलेलेच पिशवीत घालून फ्रीझ करा आणि मग जाणकाराला फोन करा, घाई सरते.

पदकं ब्रासोनं घासू नका. बहुतेक पदकांच्या कडेवर नंबर आणि नाव बारीक कोरलेलं असतं, ते घासलं की जातं. रिबिनी उजेडात उडतात. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनची कागदं, आईला फॅमिली पेन्शन चालू असेल तर ती रोजच्या वापराच्या फाइलीत राहू द्या आणि इथे झेरॉक्स ठेवा. शाळेचं जनरल रजिस्टर किंवा दाखल्यांचं पुस्तक चुकून घरी राहिलं असेल तर ते शाळेचं आहे, पोचपावती घेऊन परत करा. फौजेच्या कागदांवर "गोपनीय" शिक्का असेल किंवा नकाशा असेल तर त्याचा फोटो काढून कुणाला पाठवू नका, ते वेगळं बाजूला ठेवून सैनिक बोर्डाला विचारा. आणि ट्रंकेच्या तळाशी काडतूस सापडलं तर ते रिकामं आहे की भरलेलं हे घरी ठरवू नका, हात न लावता पोलिसांना कळवा. असं दोनदा झालंय माझ्यासमोर.

कात्रणांचा कागद मुळातच आम्लाचा, तो स्वतः पिवळा पडतो आणि शेजारच्या पत्राला डाग देतो, म्हणून त्याला वेगळं फोल्डर, आणि मूळ जागी एक चिठ्ठी की कात्रण इथे होतं. कात्रणावर तारीख नसेल तर मागची बाजू वाचा. सिनेमाची जाहिरात, भाव, एखादी बातमी, त्यावरून वर्ष लागतं. "गोमंतक" २४ मार्च १९६२ ला सुरू झाला, म्हणजे त्यातलं कात्रण त्याआधीचं असूच शकत नाही, अशी छोटी खूण पण कामाला येते. वडील नंतरच्या काळात कॉम्प्युटरवर लिहीत असतील तर फ्लॉपी, सीडी, जुना पीसी हेही कागदच समजा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली आज उघडल्या की अगम्य चिन्हं दिसतात आणि लोक त्या खराब झाल्या म्हणून डिलीट करतात. त्या खराब नसतात, फॉन्ट नसतो. मूळ फाइल तशीच ठेवून तिची युनिकोड प्रत करून घ्या.

स्कॅन करताना साध्या कागदाला ३०० डीपीआय, पुसट पेन्सिलीला ४००, फोटोंना ६००. मूळ प्रत टिफमध्ये, रोज बघायला जेपेग. रंगीत ए-फोर पान ३०० ला टिफमध्ये सुमारे २६ एमबी होतं, म्हणजे दोन हजार पानं ५२ जीबी, तशी हार्ड डिस्क घ्या. कोऱ्या वाटणाऱ्या पाठीही स्कॅन करा. तीन प्रती, त्यातल्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर, मुंबई-पुण्याच्या मुलाकडे. याचं महत्त्व गोव्यात तरी वेगळं सांगायला नको. पणजीच्या पुराभिलेखांची सुरुवात १५९५ ची, आणि त्याचा पहिला रखवालदार, दियोगो दो कौतो नावाचा पोर्तुगीज, हा स्वतः आधी सैनिक आणि मग लेखक. त्यानं लिहिलेल्या इतिहासाच्या आठव्या आणि नवव्या भागाची हस्तलिखितं तो आजारी असताना चोरीला गेली आणि त्याला आठवून आठवून, थोडक्यात, पुन्हा लिहावी लागली. दप्तर सांभाळणाऱ्याचीच दुसरी प्रत नव्हती.

द्यायचं कुणाला? पुराभिलेख खातं आहे, पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, त्याची मुळं १८३२ पर्यंत जातात, आणि गोवा विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, तिथे इतिहासकार पिसुर्लेकरांचा आणि दामोदर कोसंबींचा संग्रह त्यांच्या नावानं वेगळा ठेवलाय. माझं मत विचाराल तर सगळं एकाच ठिकाणी द्या. पदकं रेजिमेंटला, कथा ग्रंथालयाला, टाचणवह्या शाळेला असं वाटून टाकलंत तर जे मी सुरुवातीला म्हटलं तो माणूस परत तीन तुकड्यांत जातो. देण्याआधी जाऊन बघा, कपाटं कशी आहेत, पावसाळ्यात खोलीला वास येतो का, यादी करणारा माणूस आहे का. दानपत्र लेखी करा, सोबत तुमची यादी जोडा, त्यावर पोच घ्या. आणि गोव्यातला कायदा लक्षात ठेवा, इथे बहुतेक लग्नांत नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, म्हणजे आईचा अर्धा वाटा आणि बाकी सगळ्या मुलांचा. आईची आणि सगळ्या भावंडांची सही घेऊनच द्या, नाहीतर पुढे इन्व्हेंटरीच्या, म्हणजे कोर्टातल्या वारसांच्या वाटणीच्या वेळी हेच कागद भांडणाला निमित्त होतील. कॉपीराइट वेगळा, तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो, कागद दिले म्हणून तो जात नाही, तसं दानपत्रात स्पष्ट लिहा. दुसऱ्यांनी वडिलांना लिहिलेल्या पत्रांचे हक्क त्या लिहिणाऱ्यांचे, ती छापायची तर त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारा. त्यात कुणाच्या संसाराचं, कर्जाचं, आजाराचं काही असेल तर ते पाकीट अमुक वर्षं बंद ठेवा अशी अट घालता येते. फाडून टाकण्यापेक्षा ती अट घाला.

शेवटी एक काम, खरं तर सगळ्यात आधीचं, यादीच्याही आधीचं. आईंना शेजारी बसवा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि अल्बम उघडा. फौजेतल्या ग्रुप फोटोत दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, हे आज फक्त त्याच सांगू शकतील, आणि त्या सांगताना कोकणीत सांगतील तर कोकणीत सांगू द्या, मधे दुरुस्त करू नका. एका बैठकीला अर्धा तास, वीस फोटो, त्याहून जास्त नको, त्या थकतील. नावं फोटोच्या मागे पेनानं लिहू नका, फोटोला नंबर द्या आणि वहीत त्या नंबरासमोर लिहा. मग गोणी खाली काढा, आणि पहिली वही भावाच्या हातात द्या, मागच्या बाजूनं उघडून.